विशेष काही नाही

आमच्या घरात वेळापत्रक आलं ते माझ्या हृदयाने वेळापत्रक सोडल्यावर. त्याआधी माझी ख्याती अशी, की पंगत उठता उठता मी जेवायला पोचायचो, गाडीचा शेवटचा डबा तेवढा मला दिसायचा, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं कपाटातच म्हातारी व्हायची. आत ते बिचारं मात्र न चुकता, न बोलता चालत होतं आणि त्याच्या जिवावर बाकीचा मी खुशाल अघळपघळ होतो. साठी उलटली आणि केव्हातरी आमची अदलाबदल झाली. ते स्वच्छंदी झालं, मी वक्तशीर. आता सकाळी एक गोळी, संध्याकाळी सातच्या ठोक्याला दुसरी, दर महिन्याला रक्ताची तपासणी आणि वाटीने मोजलेली पालेभाजी. मला शिस्त लावण्यासाठी वडिलांनी छडी वापरली, शाळेने अंगठे धरायला लावले, सरकारने हजेरीपत्रक ठेवलं. त्यांच्यापैकी कोणालाच जमलं नाही, ते एका मुठीएवढ्या स्नायूने स्वतः बिघडून करून दाखवलं.

या बिघाडाचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. माझी उभी नोकरी सरकारी कचेरीत गेली आणि त्यातली बरीच वर्षं बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलाशी. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं तेव्हा मला ती आमची कचेरीच वाटली. वर दोन दालनं, खाली दोन. वरच्या उजव्या दालनाच्या भिंतीत साहेब बसतात. साहेब म्हणजे पेशींचा एक चिमुकला पुंजका, मिनिटाला साठ ते शंभर आदेश काढणारा. आदेश वरच्या दोन्ही दालनांतून फिरतो आणि मधल्या बारनिशी कारकुनाकडे येतो. तो कागद क्षणभर अडवतो, शिक्का मारतो आणि मग खाली सोडतो. हा क्षणभराचा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तेवढ्यात वरची दालनं आपलं रक्त खाली ओतून मोकळी होतात. माझ्या बाबतीत झालं ते असं, की साहेबांचं कोणी ऐकेना. वरच्या दालनातला जो तो स्वतःच आदेश काढू लागला. मिनिटाला साडेतीनशे, चारशे, कधी सहाशेसुद्धा. इतक्या आदेशांनी काम होत नाही, नुसती थरथर होते. आणि हा सारा लोंढा येऊन आदळतो तो त्या एकट्या कारकुनावर. तो जमतील तेवढे कागद खाली पाठवतो, उरलेले टोपलीत टाकतो. मिनिटाला शंभर, सव्वाशे, दीडशे, आणि तेही कसलाच क्रम न ठेवता. खालची दालनं टिकतात ती त्या टोपलीच्या कृपेने. कारकुनाने कागद अडवला म्हणून माणूस वाचला, असं म्हणण्याची सोय मला निवृत्तीनंतर का होईना, मिळाली.

गंमत अशी, की शास्त्राला आधी सापडला तो कारकूनच. सुनाओ तवारा नावाचा तरुण जपानी संशोधक जर्मनीत मारबुर्गला शिकायला गेला होता. त्याने हृदयांच्या चकत्या करकरून १९०६ साली ही मधली गाठ दाखवून दिली. साहेब जगापुढे यायला १९०७ उजाडलं. इंग्लंडात केंट परगण्यातल्या एका खेड्यात आर्थर कीथ हे शरीररचनेचे अभ्यासक राहत होते. एका उकाड्याच्या दिवशी ते आणि त्यांची पत्नी चेरीच्या बागांमधून सायकलवर भटकून घरी आले, तर मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापाशी अधीर होऊन बसलेला. मोल नावाच्या, जमिनीखाली बोगदे खोदून राहणाऱ्या इवल्याशा प्राण्याच्या हृदयात त्याला ती अनोखी जागा दिसली होती. मला हे फार आवडतं. ज्याच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळ कधी येत नाही, दिवस उजाडला की मावळला हे ज्याला कळायची गरज नाही, त्याच्या काळजात माणसाला घड्याळ सापडावं! पुढे दोन वर्षांनी लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी, आणि त्याच साली व्हिएन्नात रॉथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी, या बेताल नाडीचं मूळ वरच्या दालनांच्या थरथरीत आहे हे सिद्ध केलं. तोवर डॉक्टर या अवस्थेला हृदयाचा वातभ्रम म्हणत. तसं ते नावही काही वाईट नव्हतं. वातात माणूस बरळतो ते निदान मनातलं असतं.

माझं हृदय बरळू लागलं त्याला कारण मात्र जुनं आहे. वाईजवळच्या आमच्या गावी लहानपणी एका पावसाळ्यात माझा घसा बसला. घसा बसण्याला तेव्हा कोण आजार म्हणायचं? मिठाच्या गुळण्या झाल्या आणि विषय मिटला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, उजवा गुडघा नारळासारखा सुजला, तो उतरतो तोवर डावा, मग घोटा, मग मनगट. पाहुण्याने घराघरांत एकेक दिवस राहावं तसा तो ताप सांध्यासांध्यांत मुक्काम करत फिरला. आई रात्रभर एरंडाच्या पानांनी शेकायची. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, संधिवाताचा ताप, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. ते देणारे कंपाउंडर काचेची सिरिंज पातेल्यात उकळत ठेवायचे आणि तिचा खळखळाट ऐकत मी बाकावर बसून राहायचो. ते औषध दाट, पिठूळ; सुईतून उतरायला वेळ घ्यायचं आणि मांडीत दोन दिवस दगड होऊन राहायचं. सांधे पूर्ववत झाले, मी झाडांवर चढू लागलो, घरात सगळे तो ताप विसरले. पण सरकारी लेखापरीक्षणाचा आक्षेप जसा अधिकारी निवृत्त झाल्यावर येतो, तसं त्या तापाचं झालं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवर त्याने तेव्हाच ओरखडे काढले होते. ती वर्षानुवर्षं जाड होत गेली, दार आकसलं, आणि त्या अरुंद दारातून रक्त रेटता रेटता वरचं डावं दालन ताणून मोठं झालं. ताणलेल्या भिंतीला थरथरायला निमित्त लागत नाही. भारतात या विकाराच्या मुळाशी अजूनही अनेकांचा असा एखादा विसरलेला पावसाळा असतो.

इस्पितळात दाखल केलं त्या सकाळची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका तरुण डॉक्टरने छातीला नळी लावली, नर्सबाईंनी मनगट धरलं, आणि दोघांनी भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. मिनिट संपलं. डॉक्टर म्हणाला, ‘एकशे अठरा.’ बाई म्हणाल्या, ‘शहाण्णव.’ मला वाटलं आता वाद होणार. पण दोघांनी दोन्ही आकडे शांतपणे लिहून घेतले. दोन्ही बरोबर होते. या आजारात काही ठोके इतके घाईने पडतात, की खालचं दालन भरायच्या आतच आवळलं जातं. ठोका पडतो, आवाज होतो, पण मनगटापर्यंत पोचेल इतकं रक्त त्यात नसतं. जावक वहीत नोंद आहे, पण पत्र कोणाला मिळालेलं नाही, अशी ती बावीस पत्रं. त्या दुपारी मी छताकडे बघत त्यांचाच विचार करत होतो. दाराबाहेर बाकावर ही बसली होती, हातात थर्मास आणि मांडीवर माझा शर्ट घडी करून. इतक्या वर्षांच्या संसारात छातीत वाजलेलं आणि मनगटापर्यंत न आलेलं असं माझ्याकडून किती राहिलं असेल, याचा हिशेब कोणत्या नर्सबाई ठेवणार?

नाडीची ही चाल आपल्या जुन्या वैद्यांच्या बोटांना अनोळखी नव्हती. सहा-सातशे वर्षांपूर्वी शार्ङ्गधराने नाडीच्या चालीसाठी एक प्राणिसंग्रहालयच उभं केलं. वाताची नाडी जळू-सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी, आणि तिन्ही दोष बिघडले की लावा-तित्तिरासारखी. ज्याने ज्वारीच्या कापणीनंतर रानात तित्तिर पाहिलाय त्याला हे लगेच पटेल. चार पावलं धावतो, थबकतो, मान वर करतो, पुन्हा दोन पावलं, मग एकदम भुर्रकन. ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या कागदावर माझी टोकं तशीच विखुरलेली होती, कुठे दाट, कुठे विरळ. दोन टोकांच्या मधे साहेबांच्या आदेशाची एक छोटीशी गोलसर लाट असते, तिला पी म्हणतात. तिच्या जागी माझ्या कागदावर नुसती बारीक कापरी रेघ होती. म्हातारपणी सही करताना हात थरथरतो, तशी.

उपचार दोन गोळ्यांचे. आणि आमच्या नात्यातल्या ज्या मंडळींनी ‘ती केमिकलं कशाला घेता, काहीतरी नैसर्गिक घ्या’ असा प्रेमळ आग्रह धरला, त्यांना सांगण्यासारखी गोष्ट ही, की दोन्ही गोळ्यांचं मूळ रानातच आहे. सकाळची डिगॉक्सिन. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याला श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या गुप्त काढ्याबद्दल कोणीतरी मत विचारलं. अंगावरच्या सुजेवर ती तो काढा द्यायची. त्यात विसावर वनस्पती होत्या. विदरिंगने त्यातून नेमकी फॉक्सग्लव्ह हुडकली आणि दहा वर्षं रुग्णांवर पारखून १७८५ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. घंटेसारखी जांभळी फुलं येणारी ती झाडं दिसायला देखणी आणि पोटात गेली तर विषारी. आजची गोळीही तिच्याच एका लोकरी पानांच्या बहिणीपासून काढतात. ती करते काय, तर बारनिशी कारकुनाला आणखी मंद करते. कारकुनाला मंद करणं हा जिथे उपचार ठरतो, अशी जगात ही एकच कचेरी.

संध्याकाळची गोळी वॉरफरिन, आणि खरं राज्य तिचं. वरची दालनं नीट आवळत नाहीत म्हणून डाव्या दालनाच्या कानासारख्या एका खिशात रक्त साचून राहतं, साचलेलं रक्त गोठतं, आणि ती गुठळी निघाली तर थेट मेंदूत जाऊ शकते. या विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट, आणि माझ्यासारख्या आकसलेल्या झडपेत त्याहून बराच जास्त. म्हणून रक्त गोठू न देणारी ही गोळी. तिची जन्मकथा अशी, की १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गोड क्लोव्हर नावाचा बुरसलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून गाडी हाकत विद्यापीठात आला. बरोबर एक मेलेली कालवड, चाऱ्याचा भारा, आणि दुधाच्या बरणीत न गोठणारं रक्त. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याच पुढच्या पिढीतलं वॉरफरिन १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारण्यासाठी, आणि १९५४ पासून माणसांसाठी. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं. हे सगळं मी मोठ्या कौतुकाने हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

‘अहो, म्हणजे उंदराचं औषध?’

‘हो, पण मला अगदी कमी देतात.’

‘उंदरांनाही आधी थोडंच ठेवतात.’

तेव्हापासून संध्याकाळी सातला ती हाक मारते, ‘उंदीरमामा, पाणी ठेवलंय.’

अमेरिकेतल्या पुतण्याने फोनवर विचारलं, ‘काका, तिकडे नव्या गोळ्या नाहीत का? त्यांना ना रक्त तपासावं लागत, ना भाजीपाला सांभाळावा लागत.’ आहेत. बहुतेकांना डॉक्टर त्याच देतात. पण माझ्या जातीच्या झडपेची गोष्ट निराळी. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर संधिवातीय हृदयरुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली आला आणि त्यात नव्या गोळीपेक्षा जुनीच सरस ठरली. ते ऐकून मला उगाच बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला जुनं काहीतरी सरस ठरलेलं ऐकायला आवडतं.

या जुन्या गोळीचं आणि पालेभाजीचं मात्र हाडवैर. गोळी शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम अडवून रक्त पातळ ठेवते आणि के जीवनसत्त्वाची कोठारं म्हणजे मेथी, पालक, अळू, माठ, कोथिंबीर. भाजी वाढली की गोळी हरते, भाजी एकदम सुटली की गोळी माजते आणि हिरड्यांतून रक्त येतं. आयएनआर नावाचा एक आकडा या दोघांत न्यायनिवाडा करतो; तो दोन ते तीनच्या मधे राहायला हवा. आम्हाला वाटलं, डॉक्टर पालेभाजी बंद करणार. ते म्हणाले, ‘मुळीच बंद करायची नाही. फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. भाजीला गोळी जुळवून घेता येते, पण लहरीला जुळवून घेता येत नाही.’ हे वाक्य त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर नव्हे, हिच्या आयुष्यावर लिहिलं. ही कोकणातली. तिच्या लेखी पालेभाजी ही आठवड्याची बाब नव्हे, ऋतूची. पहिल्या पावसानंतर टाकळा, मग फोडशी, कुर्डू, भारंगी. आलं की खायचं, संपलं की वर्षभर आठवायचं. ती मुठीने मोजणारी, चिमटीने चव आणणारी बाई. तिच्या स्वयंपाकघरात आता एक स्टीलची वाटी आहे, तिच्या काठाशी खिळ्याने ओरखडा काढलेला. भाजी त्या रेघेपर्यंत. पाऊस बाहेर कितीही कोसळो, माझ्या ताटात टाकळा रेघेच्या वर चढत नाही.

लग्नकार्यात तर ही राखण बघण्यासारखी असते. अळूचं फदफदं घेऊन वाढपी येतो. वर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आंबट-गोड वाफ. पळी माझ्या पानावर वाकते आणि माझी नजर आपोआप समोरच्या ओळीत जाते. तिकडे ही शेजारणीशी बोलत असते, मान तिकडे, हसू तिकडे, पण उजव्या हाताचं बोट दुसऱ्या बोटाच्या मधल्या पेरावर टेकलेलं. म्हणजे अर्धी पळी. यजमान हात जोडून म्हणतात, ‘अहो, एवढंच? अळू आवडलं नाही वाटतं?’ आता त्यांना कसं सांगू, की आवडणं हा अळूच्या आणि माझ्या संबंधात सध्या गौण मुद्दा आहे.

आजार कळला की औषधं डॉक्टर देतात आणि उपाय बाकीचे सगळे. आमच्याकडे उपायांची आवक इतकी, की बारनिशीची सवय कामी आली. मेहुण्यांनी लसणाच्या कॅप्सूल आणल्या, शेजाऱ्यांनी हळदीच्या, कोणी गिंकोच्या. डॉक्टर म्हणाले, फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद खुशाल खा. पण हेच डब्यातून एकवटून आलं की तेही रक्त पातळ करू शकतं, आणि दोन सुऱ्या एका वेळी चालवायच्या नसतात. मावशींनी खोकल्यावर ज्येष्ठमध पाठवलं. गोड, निरागस कांडी. पण ती नेमाने चघळली तर रक्तातलं पोटॅशियम उतरवते, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन विषाच्या वाटेला लागते. अर्जुनसालीच्या काढ्याबद्दल ते म्हणाले, ‘मला न सांगता काहीही सुरू करायचं नाही, अर्जुनाचं असो वा भीमाचं.’ मॅग्नेशियम रक्तात पुरेसं निघालं, म्हणून त्याची गोळी परत गेली. पुतण्याने तर माशाच्या तेलाची भलीमोठी बाटली पाठवली. हिने ती उजेडात धरून पाहिली, पिवळ्या कॅप्सूल डिंकाच्या खड्यांसारख्या चमकत होत्या. ‘मासा खावा तर बांगडा खावा, भाजून, नारळाच्या चटणीबरोबर,’ ती म्हणाली, ‘हे बाटलीतलं कसलं?’ शास्त्र तिच्या बाजूने निघालं. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांवर लोकांच्या एका मोठ्या चाचणीत माशाचं तेल किंवा ड जीवनसत्त्व घेऊन हा विकार टळला नाही, आणि मोठ्या मात्रेतल्या तेलाने तर काही चाचण्यांत तो उलट वाढलेला दिसला. बाटली अजून कपाटात आहे. प्रेमाने आलेली वस्तू टाकवत नाही, आणि घेववतही नाही.

अजिंक्यताऱ्याच्या चढावर सकाळी भेटणारे एक स्नेही आहेत. त्यांनाही हाच विकार, पण झडप निर्दोष. त्यांच्याकडे नवी गोळी, अळू हवं तेवढं. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ही बंडाळी बऱ्याचदा फुप्फुसांतून येणाऱ्या नसांच्या तोंडाशी सुरू होते. स्नेह्यांच्या त्या नसांभोवती मांडीतून नळी घालून चटक्यांचं कुंपण घातलंय. मात्र डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, वजन उतरवा, रात्रीचा पेला सोडा आणि घोरण्याची तपासणी करून घ्या. कुंपण घालून घेतलं, म्हणाले, पण पेल्याचं दुःख मोठं आहे. मी त्यांना कॉफीची बातमी दिली. माझी कॉफी सगळे नातेवाईक एकमताने बंद करायला निघाल्याला फार दिवस झाले नव्हते, तोच २०२५च्या नोव्हेंबरात एक अभ्यास आला. विजेच्या झटक्याने ताल पूर्वपदावर आणलेल्या दोनशे रुग्णांपैकी निम्म्यांनी रोज निदान एक कप कॉफी घेतली, निम्म्यांनी सोडली. सहा महिन्यांत विकार उलटला तो पिणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांत आणि सोडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांत. हा आकडा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. आयुष्यात शास्त्र आपल्या बाजूने असं क्वचितच उभं राहतं. राहिलं की कपबशी पुढे करावी.

ही वही म्हणजे जुन्या सालाची एक डायरी, हिने भाज्यांच्या नोंदीसाठी काढलेली. सुरुवातीला त्यात नुसतं ‘मेथी, १ वाटी. पालक, १ वाटी’ असं होतं. पण कोणतीही वही रोज उघडली की ती हळूहळू बोलू लागते. ‘अळू, अर्धी पळी. बारसं होतं. मुलगी गोरीपान.’ ‘माठ. पाऊस थांबेना. ह्यांना आज बरं वाटत होतं, जिना दोनदा चढले.’ ‘शेपू केला. ह्यांनी खाल्ला नाही, लपवला. मला कळलं.’ तपासणीला जाताना ती वही पिशवीत असते आणि डॉक्टर ती माझ्या कागदांच्या आधी मागून घेतात. मला संशय आहे, आकड्यासाठी नव्हे, पुढे काय झालं ते वाचायला.

परवाही त्यांनी वही वाचली, मग रक्ताचा अहवाल पाहिला. ‘दोन पूर्णांक चार. उत्तम. गोळी तीच. बाकी महिनाभरात काय विशेष?’

‘विशेष काही नाही,’ मी म्हणालो.

बाहेर आल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मंडईच्या कोपऱ्यावर म्हणाली, ‘विशेष काही नाही म्हणालात. ते कोणी केलं?’

तिचं खरं होतं. या आजाराच्या उपचाराचं यश दिसत नाही, दाखवता येत नाही. गुठळी झाली नाही, तोंड वाकडं झालं नाही, हातातला पेला निसटला नाही, रात्री कोणाला रिक्षा शोधत धावावं लागलं नाही. न घडलेल्या गोष्टींचे सत्कार होत नाहीत. पण त्या फुकट न घडलेल्या नसतात. कोणीतरी त्या रेघेच्या वाटीने रोज थोड्या थोड्या होऊ देत नाही. हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. छातीत वाजलेलं निदान एक तरी मनगटापर्यंत जावं म्हणून म्हणालो, ‘तू केलंस.’

‘बरं, बरं,’ ती म्हणाली आणि भाजीवाल्याकडे वळली. ‘मेथी कशी दिली?’

भाजीवाल्याने भाव सांगितला आणि सकाळची शिल्लक राहिलेली आणखी एक जुडी वर टाकली. ‘ही घ्या मावशी, अशीच. पैसे नकोत.’

चाळीस वर्षं कोथिंबीर आणि मिरच्या वरून मागून घेतलेल्या माझ्या बायकोने ती जुडी उचलली, हातात तोलली, आणि परत त्याच्या टोपलीत ठेवली. तो भाजीवाला पैसे मोजता मोजता थांबला आणि आधी जुडीकडे, मग तिच्याकडे बघत म्हणाला, ‘मावशी, तब्येत बरी आहे ना?’